इनास लोबोंचा निष्पाप फंड

इनास लोबो एसटीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते तोवर त्यांना पापाचा फारसा त्रास झाला नाही. पाप करायला आणि मग त्याचा पश्चात्ताप करायला जो मोकळा वेळ लागतो, तो त्या नोकरीत मिळत नसे. रिटायर झाल्यावर वेळच वेळ झाला, आणि त्यातच वडिलांच्या भट्टीची जागा विकून आलेला पैसा बँकेत येऊन बसला. वेळ आणि पैसा एकाच घरात राहायला आले की तिसरं कुणीतरी मागोमाग येतंच. लोबोंच्या घरी सदसद्विवेकबुद्धी आली, आणि आली ती जायचं नाव घेईना.

भट्टी म्हणजे मिंगेल लोबोची पावाची भट्टी. ज्यांचं लहानपण रत्नागिरीत त्या गल्लीच्या आसपास गेलं त्यांना ती सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना कितीही सांगितली तरी तो वास काही त्यांच्या नाकात जाणार नाही. शाळेत जाणारी पोरं उगाच वळसा घालून त्या गल्लीतून जायची. दाराशी फडक्याखाली गरम पाव, आत धूर, आणि धुरात बनियन-लुंगीतला मिंगेल, कोपरापर्यंत मैद्यानं पांढरा. वर्षातून एकदा, तेरा जूनला, सांत अंतोनीच्या फेस्ताच्या दिवशी, दुपारची अख्खी भट्टी फुकट असायची. पावांच्या टोपल्या चर्चमध्ये जायच्या, फादर प्रार्थना म्हणून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायचे, आणि संध्याकाळी मिंगेल दारात उभा राहून येईल त्याच्या हातावर पाव ठेवायचा. संतानं गरिबांना पाव वाटले होते, म्हणून त्याच्या नावानं आपणही वाटायचे, एवढंच त्यामागचं शास्त्र. गल्लीतले सगळेच काही गरीब नव्हते, पण त्या दिवशी पावापुरते सगळे गरीब व्हायचे. हिंदू यायचे, मुसलमान यायचे, पावाला नाक मुरडणारे एक वैद्यही नातवाच्या नावावर दोन घेऊन जायचे.

मिंगेल गेला, काही वर्षं भट्टी चुलतभावांनी रडतखडत चालवली, आणि शेवटी ती विकली गेली. तिथं आता चार मजली इमारत आहे, आणि जिथं भट्टीचं तोंड होतं तिथं मोटारसायकली उभ्या असतात. गेली दोन वर्षं तेरा जूनला इनास पेन्शनीतून विकतचे पाव आणून त्या पार्किंगमध्ये उभे राहून वाटत होते. एकदा हिशेब करताना त्यांची बायको रेजिना म्हणाली, "आपण आहोत तोपर्यंत ठीक. मग?"

या 'मग'नं इनासची झोप उडवली. भट्टीचा पैसा कुठंतरी नीट गुंतवायचा, आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी पाव निघायचे, आपण असू नसू, असं त्यांनी ठरवलं. इतकं साधं काम होतं. ते तिथंच उरकलं असतं, पण त्याच रविवारी फादर बेन्तूंनी मिस्सेत प्रवचन केलं, की पैसा कुठून आला हे देव विचारतोच, पण तो तुमच्या खिशातून निघून कुठं गेला हेही विचारतो. फादरना खरं तर चर्चच्या गळक्या छपरासाठी वर्गणी हवी होती. बाकी सगळ्यांना ते बरोबर समजलं आणि त्यांनी नजर खाली घातली. इनासनी नजर वर केली, आणि घोटाळा तिथं सुरू झाला.

त्यांनी फादरकडून धर्मप्रांताची एक पुस्तिका मिळवली. गुंतवणूक कशी असावी याबद्दल चर्चची शिकवण तिच्यात स्पष्ट होती. पोटातला जीव मारणारं काही नको, संततिनियमनाच्या गोळ्या नकोत, संहारक शस्त्रं नकोत, जुगार नको, अश्लील काही नको, मजुरांना पिळणारं नको, आणि देवानं दिलेली जमीन-पाणी नासवणारं नको. फेस्ताचे पाव म्हणजे आशीर्वाद दिलेले पाव. ते असल्या पैशातून आणले तर पवित्र पाणी शिंपडून तरी काय उपयोग, असा इनासचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते पुढं जे झालं त्याचं.

दारूचं काय करायचं हे त्या पुस्तिकेत नव्हतं. इनासनी आपल्या अधिकारात दारूही वगळली.

"दारू वगळलीत?" रेजिना सुरी हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग लदीनची प्रार्थना झाल्यावर लोकांना चण्यांबरोबर काय देणार, कोकम सरबत? आणि तुमच्या पप्पांचं पीठ कशानं फुगायचं? माडीनं."

हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर इनासनी असा तोडगा काढला, की पिठातली माडी चालेल, पण शेअर बाजारातली नको.

आता असा विचार मनात ठेवायचा असतो. इनासनी तो शेजाऱ्यांना सांगितला. शेजारी राजाराम, रिटायर तलाठी, यांना दुसऱ्याच्या पैशाविषयी बोलताना तरुण झाल्यासारखं वाटे. ते संध्याकाळीच येऊन पायरीवर बसले.

"लोबोसाहेब, माझं ऐका. कराराने कलमं घ्या. आंबा कुठं पाप करतो?"

"फवारणी करतात ना पण?"

"करायला लागतेच. नायतर तुडतुडा तुम्हाला आंबा ठेवील काय?"

"म्हणजे जमीन नासली. आणि राखणीला माणसं?"

"नेपाळची. बागेतच ऱ्हातात बिचारी."

"पगार काय देतात?"

राजारामांनी वर फणसाकडे पाहिलं आणि यंदा उष्मा फार वाढलाय असं सांगितलं. कलमं बाद झाली.

मग त्यांच्या पत्नी चंपावहिनी आल्या. त्यांची बायकांची भिशी गेली कित्येक वर्षं बिनबोभाट चालली होती. दर महिन्याला सगळ्या पैसे घालतात आणि चिठ्ठीत जिचं नाव निघेल ती उचलते. इनासनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिठ्ठीवर म्हणजे नशिबावरच की हो, वहिनी? जुगारात मोडणार नाही ना?" चंपावहिनी उठल्या, पदर खोचला आणि गेल्या. त्यानंतर कुंपणावरून येणारे घावणे बंद झाले. या सगळ्या प्रकरणात लोबोंच्या घराचं जे खरंखुरं नुकसान झालं ते हेच, असं रेजिना अजून मानते.

तरी चंपावहिनींचा भाचा केतन आला. स्टँडजवळ एका गाळ्यात बसून तो म्युच्युअल फंड विकायचा. पोरगा सरळ होता. त्याचा दोष एवढाच, की गिऱ्हाइकाला पैसे वाढायला हवे असतात असं तो गृहीत धरायचा. फंड म्हणजे पुष्कळ कंपन्यांत थोडेथोडे पैसे, असं त्यानं समजावल्यावर इनासनी कंपन्यांची नावं मागितली. आजवर कुणी ती मागितली नव्हती. केतननं मोबाईलवर शोधून वाचायला सुरुवात केली.

"पहिली बँक आहे, काका."

"कर्ज कुणाला देते?"

"कुणालाही देते. बँकच ती."

"बंदुकांच्या कारखान्याला?"

"कागद नीट असतील तर देईल."

"पुढची."

पुढची औषधांची होती. कसली औषधं, असं विचारल्यावर केतननं मोबाईलमध्ये पाहिलं, रेजिनाकडे पाहिलं आणि घसा खाकरून पुढचं नाव घेतलं. टायरवाले लष्कराच्या ट्रकनाही टायर देतात असं निघालं. देशाच्या रक्षणाला चर्चची हरकत नाही, पण ते परदेशांतही माल विकत होते आणि तिकडे कोण कुणाचं रक्षण करतं हे केतनला सांगता येईना. हॉटेलवाल्यांच्या खोल्यांत काय चालतं याची हमी कोण देणार? सिमेंटवाल्यांनी डोंगर खाल्ला होता. बिस्किटवाले बरे वाटले, पण त्यांच्या मालकाचा दुसरा धंदा गुटख्याचा निघाला. दुपार टळली तेव्हा यादीत शाई बनवणारी एक कंपनी आणि अगरबत्ती बनवणारी एक, अशा दोनच उरल्या. अगरबत्तीपाशीही इनास थोडे थांबले. मग त्यांना आठवलं की आपली आई घरातल्या आल्तारासमोर रोज अगरबत्ती लावायची, आणि त्या आठवणीनं डोळे भरून आले म्हणून ती कंपनी पास झाली.

"काका," केतन म्हणाला, "शाई आणि अगरबत्तीवर फंड चालत नाही. स्टेशनरीचं दुकान चालतं."

पण तो हार मानणारा नव्हता. मुसलमान गुंतवणूकदारांच्या नियमांनी चालणारा एक फंड असतो, त्यात दारू, तंबाखू, जुगार, व्याज, सगळं आधीच वगळलेलं असतं, अशी बातमी त्यानं आणली. इनास फार प्रभावित झाले. आपल्या लोकांनी नुसती पुस्तिका काढली आणि यांनी फंड काढला, असं ते म्हणाले. डुकराच्या मांसाच्या कंपन्याही त्यात चालत नाहीत असं कळल्यावर मात्र स्वयंपाकघरातून रेजिनाचा आवाज आला, "मग नाताळाला सोरपोतेल कुठल्या तोंडानं करायचं?" इनासनी यावर रात्रभर विचार केला, आणि तोंड वेगळं नि पैसा वेगळा असा निर्णयही घेतला. पण सकाळी त्या फंडात संततिनियमनाच्या गोळ्यांची तीच औषध कंपनी सापडली.

शेवटी केतननं एका नव्या फंडाचं चकचकीत पत्रक आणलं. त्यावर एक लहान मुलगी ओंजळीत रोपटं घेऊन उभी होती. असल्या मुलीच्या पाठीमागे पापी कंपनी लपेल असं इनासना वाटेना, आणि केतनलाही आता एकदाचं हे गिऱ्हाईक मिटवायचं होतं. फॉर्म आला. त्यात एक प्रश्न असा होता, की बाजार कोसळून तुमचे पैसे कमी झाले तर तुम्ही काय कराल: विकाल, थांबाल की आणखी घ्याल? इनासनी तिन्ही पर्यायांच्या खाली 'प्रार्थना' असं लिहिलं. फॉर्म परत आला. मग अंगठ्याचा ठसा घ्यायचा प्रसंग आला, आणि यंत्राला काही ठसा दिसेना. लहानपणी सुट्टीत भट्टीतले तापलेले पत्रे ओढून ओढून इनासच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. केतननं बोटांना व्हॅसलीन लावलं, लिंबू लावलं, फुंकर मारली. यंत्राचं म्हणणं एकच, की इनास मिंगेल लोबो नावाचा माणूस नाही. हेडक्लार्क म्हणून ज्यांनी हजारोंचे अर्ज तपासले त्यांना आपण आहोत हे सिद्ध करायला फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी अंगठ्याऐवजी डोळ्यांची बुबुळं यंत्राला दाखवून भागलं, आणि भट्टीचा पैसा त्या मुलीच्या ओंजळीत गेला.

महिन्याभरात पैसे वाढले. इनास खूश झाले, इतके की बाजारातून चांगली सुरमई घेऊन आले. हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढं त्यांना सर्वांत जास्त टोचलं ते हेच. सुरमई खाऊन ते आरामात फंडाचं घरी आलेलं, कंपन्यांची यादी असलेलं पत्रक वाचायला बसले, आणि ती मुलगी कुणाच्या पुढे उभी होती ते त्यांना दिसलं. सिगारेटवाले होते, बिअरवाले होते, तोफगोळे करणारे होते, ऑनलाइन रमीवाले होते, आणि त्या गोळ्याही होत्या. पैसे वाढले होते ते नेमके यांच्यामुळे. शाई-अगरबत्तीचा मागमूस नव्हता.

"काका, फंड मॅनेजर दर महिन्याला कंपन्या बदलतो," केतन म्हणाला. "मी काय करू?"

इनासनी काय करावं हे मात्र ठरलेलं होतं. प्रायश्चित्तकाळ चालू होता आणि ईस्टर तोंडावर आला होता. कॅथलिक माणूस ईस्टरआधी कुमसाराला जातो, म्हणजे फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगतो. वर्षानुवर्षं इनासची पापं ठरलेली होती: राग, कंटाळा, बायकोशी उलट बोलणं. त्या मानानं हे पाप मोठं होतं. कुमसारात पाप मोघम सांगायचं नसतं, नाव आणि संख्या सांगायची असते, असं त्यांना लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पढवलं होतं. म्हणून ते पत्रक घेऊन गेले.

ईस्टरच्या आधीचा आठवडा, त्यामुळे रांग मोठी होती. इनासमागे निवृत्त शिक्षिका सिसिल टीचर होत्या, त्यांच्यामागे बंदरावर काम करणारा बावतिस, आणि मागं दारापर्यंत अख्खी वाडी. आणि फादर बेन्तूंना ऐकू कमी यायचं.

"आशीर्वाद द्या, फादर. माझे पैसे सिगारेटच्या कंपनीत आहेत."

"काय?"

"सिगारेट, फादर."

"किती ओढतोस?"

"मी नाही ओढत. माझे पैसे ओढतात."

फादरना हे कळलं नाही. इनासनी आवाज चढवून कंपनीचं नाव सांगितलं. मग पुढचं सांगितलं. मग त्यापुढचं. एकेक नाव फादर दोन-दोनदा विचारत होते, आणि इनास प्रामाणिकपणे प्रत्येक नावाबरोबर त्यातून आपला किती फायदा झाला तेही सांगत होते, कारण फायद्याचा आनंद झाला हे तर मुख्य पाप होतं.

"रमीवाल्यांनी फार दिले, फादर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला बरं वाटलं. मी सुरमई आणली."

मागच्या रांगेत माळ जपणारी बोटं थांबली होती. फादरनी शेवटी सात वेळा 'नमो मारिया' म्हणायला सांगितलं आणि ते पैसे काढून घे असा सल्ला दिला. इनास डोळे पुसत बाहेर आले तेव्हा रांगेतला प्रत्येक माणूस अत्यंत भक्तिभावानं छताकडे बघत होता.

कुमसारातलं कानावर पडलं तरी ते कुणाला सांगायचं नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. रत्नागिरीच्या त्या छोट्या समाजानं तो तंतोतंत पाळला. कुणी कुणाला सांगितलं नाही. ज्यानं त्यानं गुपचूप तोच फंड घेतला.

हे इनासना कळलं ईस्टरच्या मिस्सेनंतर. एरवी मान हलवून पुढं जाणारे लोक त्या दिवशी दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबत होते. बावतिसनं त्यांना मिठीच मारली. सिसिल टीचरनी घरची मार्झिपानची अंडी बशीभर पाठवली. दुसऱ्या दिवशी केतन पेढे घेऊन हजर.

"काका, तुमचे उपकार. एवढं गिऱ्हाईक मला कधीच आलं नव्हतं. तुमच्या चर्चमधलंच सगळं. येतात आणि लोबोंचा फंड द्या म्हणतात."

इनास खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. पापातून सुटायला गेलेल्या माणसानं अख्ख्या गावाला पापात भागीदार करून घेतलं होतं, आणि ते सगळे त्याला दुवा देत होते. ज्या माणसाला आयुष्यात कुणी साधं स्टँडवरचं चांगलं हॉटेल विचारलं नव्हतं, त्याच्याकडे आता पोरीच्या लग्नाचे पैसे कुठं ठेवू म्हणून लोक यायला लागले. नाही म्हटलं तर त्यांना वाटे, म्हातारा आतली खबर लपवतोय. "ते चांगले पैसे नाहीत," असं इनास सांगायचे, आणि लोक जाताना डोळा मारायचे.

त्यांनी पैसे काढायचा अर्ज केला. अंगठा पुन्हा उमटेना, आणि पैसे काढायला डोळे चालत नव्हते. शिवाय फॉर्मवर पैसे काढण्याचं कारण विचारलं होतं, आणि घर, लग्न, आजारपण, शिक्षण यांच्यात 'पश्चात्ताप' नव्हता. अर्ज कुठंतरी वरच्या ऑफिसात अडकला. मे संपला. भट्टीचा पैसा धड हातात नाही, धड देवाच्या कामाचा नाही, अशा अवस्थेत जून उजाडला.

आणि एका रविवारी सिसिल टीचरनी चर्चच्या दारात त्यांना थांबवलं.

"इनास, यंदा अंतोनीचे पाव आम्ही सगळे मिळून देणार. दुप्पट देणार. तुमच्याच कृपेनं फंडानं चांगलं दिलंय, तर एवढं तरी करू दे."

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे समोरच्या प्रेमळ बाईच्या तोंडावर तिचं दान पापाचं म्हणणं. हो म्हणावं तर पप्पांच्या नावाचे पाव रमीवाल्यांच्या पैशांचे. इनास तसेच चर्चच्या मागं फादरच्या खोलीत गेले.

फादर बेन्तूंनी कानात नवं यंत्र बसवलं होतं. कुणीतरी गुप्तदान केलं होतं. ते कुठल्या फंडातून आलं हे विचारायचा इनासना धीर झाला नाही. त्यांनी सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच फादरना ते एका दमात ऐकू आलं.

"बँकेत ठेवले तरी बँक कुणाला देईल सांगता येत नाही," इनास म्हणाले. "फादर, स्वच्छ पैसा मिळतच नाही कुठं. पावांचं काय करू?"

फादरनी विचारलं, "मिंगेल पावांना पैसे कुठून आणायचा?"

"पैसे कसले, फादर? भट्टीच आमची. सकाळपासून पप्पा पीठ मळायचे, दुपारी..."

इनास बोलता बोलता थांबले. फादर यंत्राचं बटण मागंपुढं करत बसले होते. मग इनास म्हणाले, "गुडघे दुखतात हो माझे," आणि फादर म्हणाले, "हाताने मळतात ना?"

तेरा जूनला जेवण झाल्याबरोबर इनास पेन्शनीतून घेतलेला मैदा रिक्षात घालून हमीदभाईंच्या बेकरीत गेले. हमीदभाई भट्टी द्यायला एका पायावर तयार झाले होते, पण हा माणूस स्वतः मळणार हे त्यांना ऐनवेळी कळलं. "अंकल, मशीन आहे. दहा मिनटात होईल," ते म्हणाले. इनासनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. हेडक्लार्कचं बनियन फार दिवसांनी चारचौघांत आलं होतं, आणि कामगारांनी हसू आवरायचा मनापासून प्रयत्न केला.

पहिलं पीठ पातळ झालं. दुसरं इतकं घट्ट, की त्यात हात अडकल्यासारखा झाला. कंबरेत कळ आली, चष्मा मैद्यात पडला. तिसऱ्या खेपेला मात्र काय झालं कुणास ठाऊक, मनगटं आपोआप वळायला लागली. पीठ पुढं लोटायचं, घडी घालायची, तळव्यानं दाबायचं, परत ओढायचं. हे त्यांना कुणी शिकवलेलं आठवत नव्हतं. आठवत होती ती पप्पांची घामेजलेली पाठ, आणि तिच्या मागं उभं राहून आपण पिठाच्या गोळ्याचं कासव करायचो ते. पप्पा ते कासवही भाजून द्यायचे. इतक्या वर्षांत इनासना ते कासव एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता ते रडू लागले, आणि हात पिठात असल्यामुळे त्यांना डोळेही पुसता येईनात.

रेजिना कधी आली ते कुणाला कळलं नाही. तिनं बांगड्या काढून पिशवीत टाकल्या, नवऱ्याचा चष्मा पदरानं पुसून त्याच्या नाकावर बसवला आणि गोळे करायला बसली. "लहान-मोठे होतायत," इनास म्हणाले. "खाणाऱ्यांची तोंडं पण लहान-मोठी असतात," ती म्हणाली.

दोन पत्रे करपले. बाकीचे निघाले ते वाकडेतिकडे, काही एका अंगाला कललेले. फादरनी पाणी शिंपडलं. सिसिल टीचरना इनासनी नम्रपणे सांगितलं, की यंदा पाव झालेत, पण छप्पर गळतंय. तो पैसा छपराला गेला, आणि देवाचं छप्पर आहे तर पैसा कसला ते त्यानंच बघावं, असं फादरही म्हणाले. अडकलेले पैसे पुढं जुलैत सुटले. इनासनी मूळ रक्कम बँकेत साधी ठेव म्हणून ठेवली, वाढलेले पैसे चर्चला दिले आणि कंपन्यांची नावं वाचायचं सोडून दिलं.

पण ते नंतरचं. तेरा जूनच्या संध्याकाळी इनास मोटारसायकली बाजूला करून पार्किंगमध्ये टोपली घेऊन उभे राहिले. गल्ली जमली. राजारामांनी पाव उलटून पाहिला आणि म्हणाले, "लोबोसाहेब, ह्यो एका अंगानं करपलाय." चंपावहिनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलल्या ते हेच, की याच्यापेक्षा आमचे घावणे मऊ असतात. कुणाला तो लहान वाटला, कुणाला कच्चा. केतननं दोन खाल्ले आणि पाणी मागितलं. गेली दोन वर्षं हीच माणसं विकतचे छान गोल पाव मुकाट्यानं घेऊन निघून जात होती. आज कुणी जाईना. सगळी तिथंच उभी राहून खात होती आणि नावं ठेवत होती. मिंगेलच्या दारातही दरवर्षी असाच कालवा असायचा, आणि तो कानावर पडल्यावर इनासना कळलं, की दोन वर्षं आपल्याला काय चुकल्यासारखं वाटत होतं.

शेवटी येसूबाई आली. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, मिंगेललाही एकेरी हाक मारणारी. तिनं पाव मोडला आणि बिनदातांच्या तोंडात बराच वेळ घोळवला. इनास हात पुसायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"मीठ कमी घातलंस रे, इनास," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नीट घाल."

"घालतो," इनास म्हणाले.